पाठीवर शून्य : जॉर्ज प्लिम्प्टन

वाचकहो, खेळाडूच्या पाठीवर आकडा असतो हे आपल्या घरातील लहान मुलालाही माहीत आहे. कुणाचा सात, कुणाचा दहा, कुणाचा अठरा. परंतु पाठीवर शून्य घेऊन मैदानात उतरलेला माणूस कुणी पाहिला आहे काय? १९६३ साली अमेरिकेच्या मिशिगन राज्यात डेट्रॉइट लायन्स या व्यावसायिक फुटबॉल संघाच्या सराव शिबिरात असा एक माणूस होता. वय ३६, अंगाने उंच नि किडकिडीत, बोलणे मोठ्या घरचे. नाव जॉर्ज प्लिम्प्टन. आणि हा माणूस खेळाडू नव्हताच! तो एका वाङ्मयीन त्रैमासिकाचा संपादक होता.

अमेरिकन फुटबॉल हा आपल्याकडचा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. त्यात चेंडू हातात घेऊन पळतात, समोरचे पहिलवानी अंगाचे गडी त्याला आडवे पाडतात. संघाचा सेनापती असतो क्वार्टरबॅक. चाल तो ठरवतो, चेंडू प्रथम त्याच्या हातात येतो आणि सर्वांत जास्त मारही त्यालाच बसण्याचा धोका असतो. प्लिम्प्टन यांनी नेमकी हीच जागा मागितली. शिबिरात ते इतर नव्या पोरांबरोबर राहिले, जेवले, चाली पाठ केल्या. नव्या खेळाडूने जेवणाच्या वेळी उभे राहून आपल्या कॉलेजचे गाणे म्हणायचे अशी तिथली रीत होती, तीही त्यांनी पाळली. मग पॉन्टिअ‍ॅक गावी संघातल्याच दोन तुकड्यांचा सामना प्रेक्षकांसमोर झाला. त्यात त्यांना पाच डाव मिळाले. पाचही डावांत संघ पुढे सरकण्याऐवजी मागेच हटला. हा सगळा फजितीचा वृत्तांत त्यांनी ‘पेपर लायन’ म्हणजे ‘कागदी सिंह’ या पुस्तकात लिहिला. १९६६ साली निघालेले ते पुस्तक अमेरिकेत घरोघरी वाचले गेले. १९६८ मध्ये त्यावर चित्रपटही निघाला, त्यात प्लिम्प्टन यांची भूमिका ॲलन आल्डा या नटाने केली.

आता कुणी विचारील, स्वतःची फजिती करून घेण्यात मोठेपणा कसला? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर शोधण्यासाठी हा माणूस कुठून आला ते पाहावे लागेल.

प्लिम्प्टन यांचा जन्म १८ मार्च १९२७ चा, न्यूयॉर्कचा. वडील बडे वकील, पुढे संयुक्त राष्ट्रसंघात अमेरिकेचे उपराजदूत झाले. शिक्षण हार्वर्डला, मग इंग्लंडात केंब्रिजला. मध्ये काही काळ लष्करात, इटलीमध्ये. अन्नाची भ्रांत म्हणजे काय हे त्यांना आयुष्यात कधी कळायचे कारण नव्हते. हे आम्ही आधीच सांगून ठेवतो, कारण पुढच्या प्रत्येक गोष्टीत ते लक्षात ठेवावे लागणार आहे.

१९५३ साली पॅरिसमध्ये काही तरुण अमेरिकन लेखकांनी ‘द पॅरिस रिव्ह्यू’ हे इंग्रजी त्रैमासिक काढले. पीटर मॅथिसन आणि हॅरॉल्ड ह्यूम्स हे त्याचे संस्थापक. संपादक म्हणून त्यांनी प्लिम्प्टनना बोलावले. (हे मॅथिसन त्या काळी अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यात नोकरीला होते आणि त्रैमासिकाचा त्यांना आडोसा होता, हे बऱ्याच वर्षांनी उघड झाले. याच मॅथिसनांनी पुढे झेन बौद्ध परंपरेत दीक्षा घेतली आणि ते तिथे गुरुपदाला पोहोचले. माणसाचे आयुष्य किती वळणे घेते पाहा!) प्लिम्प्टन १९५३ ते २००३ अशी पन्नास वर्षे त्या एकाच खुर्चीवर राहिले. कार्यालय पॅरिसहून न्यूयॉर्कला आले ते त्यांच्या राहत्या घराच्या तळमजल्यावर. असली त्रैमासिके पैसा मिळवून देत नाहीत, खातात. वर्गणीदार मिळवणे, छपाईचे बिल भागवणे, अंक वेळेवर काढणे हे किती जिकिरीचे काम आहे हे चळवळीची नियतकालिके चालवणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

त्या त्रैमासिकाने एक नवी गोष्ट केली. लेखकांवर टीका छापण्याऐवजी लेखकांनाच बोलते केले. आणि विचारायचे काय? तर तुम्ही काम कसे करता. पहाटे बसता की रात्री? पेन्सिलीने लिहिता की यंत्रावर? एक पान किती वेळा लिहिता? सुताराला त्याच्या पटाशीविषयी विचारावे तसे हे प्रश्न. १९५८ साली खुद्द प्लिम्प्टन यांनी घेतलेली अर्नेस्ट हेमिंग्वे यांची मुलाखत छापली गेली. हा जगप्रसिद्ध लेखक उभ्याने लिहीत असे आणि रोज किती शब्द झाले त्याचा हिशेब तक्त्यावर मांडून ठेवत असे, जणू गिरणीतला हजेरीपटच. एका कादंबरीचे शेवटचे पान त्याने ३९ वेळा लिहिले होते. लेखन ही वरून उतरणारी कृपा नाही, ते हाताने करायचे काम आहे, ही गोष्ट त्या मुलाखतींनी लोकांपुढे ठेवली. ‘आमच्या पोराला निबंध येत नाही, त्याच्या रक्तातच नाही’ असे म्हणणाऱ्या आईबापांनी हे ३९ ध्यानात ठेवावे.

त्यांच्या पहिल्याच अंकात मुलाखत होती ती ई. एम. फॉर्स्टर यांची. केंब्रिजचे हे वृद्ध इंग्रज कादंबरीकार आपल्याला अगदीच परके नाहीत. १९२१ साली ते देवासच्या मराठा संस्थानिकाचे खाजगी सचिव होते. आणि १९३५ साली मुल्कराज आनंद यांची ‘अनटचेबल’ ही इंग्रजी कादंबरी निघाली, भंगीकाम करणाऱ्या बाखा नावाच्या तरुणाच्या एका दिवसाची, तिला प्रस्तावना फॉर्स्टर यांची होती. त्या कादंबरीने सुचवलेल्या उपायांविषयी आपले मतभेद असू शकतात. त्याच १९३५ साली येवल्यात बाबासाहेबांनी काय घोषणा केली ते आपण जाणतो. तरी पाश्चात्य वाचकापुढे अस्पृश्याचे दुःख मांडणाऱ्या पुस्तकामागे हा लेखक उभा राहिला होता, हे विसरू नये. १९५५ मध्ये याच त्रैमासिकात राल्फ एलिसन या कृष्णवर्णीय लेखकाची मुलाखत आली. समाज ज्याच्याकडे पाहूनही पाहत नाही अशा काळ्या माणसाची कथा त्यांनी १९५२ च्या ‘इनव्हिजिबल मॅन’ या कादंबरीत लिहिली होती.

त्रैमासिक असे तळमजल्यावर चालू असताना संपादक मात्र मैदानावर. ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’ या क्रीडा साप्ताहिकासाठी त्यांनी नवाच प्रकार सुरू केला. खेळाडूविषयी बाहेरून लिहायचे नाही, त्याच्या शेजारी उभे राहून, त्याच्या हातून मार खाऊन लिहायचे. १९५८ मध्ये न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये एका प्रदर्शनीय सामन्यापूर्वी ते बेसबॉलचे गोलंदाज झाले. समोर फलंदाजीला विली मेज, अर्नी बँक्स यांच्यासारखे नामांकित गडी. मेज यांना त्यांनी झेलबाद होणारा फटका मारायला लावले खरे. पण पुढे चेंडू फेकून फेकून हात असा गळाला की त्यांच्या जागी दुसऱ्याला आणावे लागले. पुढे १९७७ मध्ये पन्नाशीला पोहोचलेला हा गृहस्थ बर्फावरच्या हॉकीत बोस्टन ब्रुइन्स संघाचा गोलरक्षक म्हणून उभा राहिला. लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या प्रख्यात वाद्यवृंदात त्यांनी ट्रँगल वाजवला आणि एकदा मोठी थाळी इतक्या जोरात ठोकली की सारे चकित झाले. संगीतात चूक करण्याची भीती मैदानापेक्षा मोठी असते असे त्यांचे म्हणणे होते. मैदानात निदान चुका सगळेच करतात!

परंतु या सर्वांत आम्हाला मोलाचा वाटतो तो १९५९ चा मुष्टियुद्धाचा प्रसंग. न्यूयॉर्कच्या स्टिलमन जिममध्ये प्लिम्प्टन तीन फेऱ्या लढले ते आर्ची मूर यांच्याशी. मूर त्या वेळी लाइट हेवीवेट गटाचे जगज्जेते. आयुष्यात सव्वाशेहून अधिक प्रतिस्पर्धी त्यांनी ठोसा मारून झोपवलेले. मूर यांनी हात राखूनच मारले, तरी पाहुण्यांच्या नाकातून रक्त आले. डोळ्यांतून पाणीही वाहू लागले. ठोसा बसला की रडू फुटायचे, अशी त्यांच्या शरीराची खोडच होती आणि ती त्यांनी लपवली नाही, लिहून टाकली.

हे आर्ची मूर जन्माने मिसिसिपी राज्यातले. व्यवसायात पडल्यानंतर १६-१७ वर्षे जगज्जेतेपदासाठी लढण्याची संधीच त्यांना मिळाली नाही. १९५२ च्या डिसेंबरात ती मिळाली तेव्हा चाळिशी जवळ आली होती. आणि योगायोग असा की प्लिम्प्टन यांच्या घराण्याचे नावही मिसिसिपीच्याच इतिहासात आहे. ही गोष्ट जरा सविस्तर सांगितली पाहिजे.

त्यांच्या आईच्या आईचे वडील, म्हणजे पणजोबा, ॲडेलबर्ट एम्स. अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्या दक्षिणेविरुद्ध लढलेले सेनापती. युद्धानंतर ते मिसिसिपीचे गव्हर्नर झाले. नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मताचा अधिकार मिळाला होता आणि एम्स त्यांच्या बाजूने उभे होते. १८७५ च्या निवडणुकीत गोऱ्यांच्या सशस्त्र टोळ्यांनी काळ्या मतदारांवर हल्ले केले. एम्स यांनी राष्ट्राध्यक्षांच्या सरकारकडे सैन्य मागितले, ते आले नाही. १८७६ च्या मार्चमध्ये महाभियोगाच्या दडपणाखाली त्यांना पद सोडावे लागले. त्यानंतर कित्येक दशके मिसिसिपीतल्या काळ्या माणसाचे मत कागदावरच राहिले. पुढे शाळा-कॉलेजांत जो इतिहास शिकवला गेला तो जिंकलेल्यांनी लिहिलेला. त्यात एम्स म्हणजे बाहेरून आलेला जुलमी, भ्रष्ट कारभारी.

१९५६ साली जॉन केनेडी यांचे ‘प्रोफाइल्स इन करेज’ हे पुस्तक निघाले. पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. त्यातही एम्स यांच्या कारभाराचे तसेच काळे चित्र होते आणि कौतुक होते त्यांच्या विरोधकाचे. एम्स यांची मुलगी ब्लँच एम्स तेव्हा हयात होती. स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडलेली ही बाई, प्लिम्प्टन यांची आजी. तिने केनेडींना पत्र लिहिले : तुमचा मजकूर चुकीचा आहे, दुरुस्त करा. उत्तराने समाधान झाले नाही तेव्हा दुसरे लिहिले, मग तिसरे. केनेडी राष्ट्राध्यक्ष झाले तरी पत्रे थांबेनात. शेवटी राष्ट्राध्यक्षांनी व्हाइट हाउसमध्ये प्लिम्प्टनना बाजूला घेऊन विनंती केली की बाबा रे, तुझ्या आजीला आवर! हा किस्सा स्वतः प्लिम्प्टन यांनीच पुढे सांगितला. आजी आवरली गेली नाही. केनेडी पुस्तक बदलत नाहीत म्हटल्यावर तिने स्वतःच वडिलांचे चरित्र लिहायला घेतले आणि १९६४ साली, वयाच्या ८६ व्या वर्षी, प्रसिद्ध केले. आज अमेरिकेतील इतिहासकार त्या कालखंडाकडे आजीच्या बाजूने पाहतात.

आम्हाला तर वाटते, नातवापेक्षा या आजीवर एक स्वतंत्र लेख व्हायला हवा.

पुन्हा डेट्रॉइटच्या शिबिराकडे येऊ. तिथे ‘नाइट ट्रेन’ या नावाने ओळखला जाणारा डिक लेन होता. तान्हे मूल असताना त्याला टाकून दिले होते. एला लेन नावाच्या विधवा स्त्रीला रडण्याचा आवाज आला, तो आधी तिला मांजराचा वाटला. तिने ते काळे पोर उचलले आणि आपल्या मुलांबरोबर वाढवले. मोठेपणी लष्करात नोकरी, मग लॉस एंजेलिसच्या विमानाच्या कारखान्यात अंगमेहनतीचे काम. एके दिवशी वर्तमानपत्रातली आपल्या खेळाची कात्रणे काखोटीला मारून तो तिथल्या रॅम्स या संघाच्या कार्यालयात सरळ जाऊन उभा राहिला आणि काम मागितले. १९५२ च्या आपल्या पहिल्याच मोसमात, अवघ्या १२ सामन्यांत, त्याने प्रतिस्पर्ध्यांचे १४ पास मधल्यामध्ये पकडले. त्यानंतर सामन्यांची संख्या वाढली, खेळ बदलला, पण एका मोसमातला तो विक्रम आजवर कुणाला मोडता आलेला नाही.

एकाच शिबिरात हे दोघे. एकाच्या पाठीवर शून्य, तो हौसेने हरायला आलेला. हरला तरी त्याचे घर, त्याचे त्रैमासिक, त्याचे हार्वर्ड जागेवरच होते. उलट हरल्यानेच त्याचे पुस्तक खपणार होते. दुसरा हरला असता तर त्याला पुन्हा कारखान्यात जावे लागले असते. शिबिरात दर काही दिवसांनी काही पोरांना संघातून कमी करत, ती मुले सामान बांधून निमूट घरी जात. पडण्याची चैन सर्वांना परवडत नाही. कारखान्यात, शाळेत, कचेरीत आपल्या मुलाची एक चूक झाली तर ती त्याच्या एकट्याची धरली जात नाही, साऱ्या जातीच्या नावावर मांडली जाते, हा अनुभव आपल्या वाचकांना आहे.

प्लिम्प्टन यांच्या बाजूने एवढे म्हणावे लागेल की हा फरक त्यांच्या लेखनात झाकलेला नाही. पुस्तकात हसे होते ते त्यांचे स्वतःचे, खेळाडूंचे नव्हे. आतापर्यंत लोकांना वाटे की खेळाडू म्हणजे नुसती ताकद. त्याच्या कामात किती पाठांतर आहे, किती नजर आहे, अंगदुखी आणि धास्ती किती आहे हे एका सुशिक्षित साहेबाने धुळीत पडून सांगितले तेव्हा कुठे साहेबलोकांना पटले. खेळाडूने स्वतः सांगितले असते तर ते ऐकले असते का, हा प्रश्न मात्र उरतोच.

मुहम्मद अली यांच्याविषयीही त्यांनी पुष्कळ लिहिले. १९६४ साली, अली अजून कॅशियस क्ले होते तेव्हा, मायामीच्या लढतीच्या वेळी प्लिम्प्टन तिथे होते आणि त्यांनी माल्कम एक्स यांचीही भेट घेतली. तो वृत्तांत ‘हार्पर्स’ मासिकात त्याच वर्षी आला. क्रीडालेखक मुष्टियोद्ध्यांपुरते पाहत होते, तेव्हा त्यामागे उभ्या असलेल्या विचाराकडे जाणे हे थोड्यांनाच सुचले. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी झाईरच्या किन्शासात अलींनी फोरमनला आठव्या फेरीत लोळवले, तेव्हाही ते हजर होते. १९९६ च्या ‘व्हेन वुई वेअर किंग्ज’ या माहितीपटात ते त्या रात्रीची हकीकत सांगताना दिसतात. त्या माहितीपटाला ऑस्कर मिळाले.

५ जून १९६८ च्या मध्यरात्रीनंतर लॉस एंजेलिसच्या हॉटेलात रॉबर्ट केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा मारेकऱ्याला धरून ठेवणाऱ्यांत प्लिम्प्टन होते. त्यांच्याबरोबर रोझी ग्रिअर हा फुटबॉलपटू आणि रेफर जॉन्सन हा ऑलिंपिक विजेता असे दोन कृष्णवर्णीय खेळाडू होते. या एका प्रसंगाविषयी बोलायला ते सहसा तयार नसत.

आता एक गंमत. १ एप्रिल १९८५ च्या ‘स्पोर्ट्स इलस्ट्रेटेड’मध्ये त्यांचा लेख आला. सिड फिंच नावाचा एक तरुण बेसबॉलचा गोलंदाज न्यूयॉर्क मेट्स संघाला सापडला आहे, तो एका पायात बूट घालतो, एक पाय अनवाणी ठेवतो आणि ताशी १६८ मैल, म्हणजे सुमारे २७० किलोमीटर वेगाने चेंडू फेकतो. ही विद्या तो तिबेटात शिकला. आणि ‘सिड’ म्हणजे काय? तर सिद्धार्थ! लेखाबरोबर छायाचित्रेही होती, एक शाळेतला चित्रकला शिक्षक त्यासाठी सिड बनला होता. हजारो वाचकांनी ते खरे मानले. लेखाच्या शीर्षकाखालच्या ओळींतील शब्दांची पहिली अक्षरे जुळवली की एप्रिल फूलच्या शुभेच्छा वाचता येत होत्या, पण तिकडे पाहतो कोण?

या थट्टेने आम्हाला हसू येते आणि थोडे टोचतेही. बुद्धाचे नाव निघाले की पाश्चात्यांना, आणि आपल्याकडच्या बुवाबाजांनाही, चमत्कारच आठवतात. दीघनिकायातील केवट्ट सुत्तात केवट्ट नावाचा गृहस्थ तथागतांना विनवतो की एखाद्या भिक्खूला चमत्कार करून दाखवायला सांगा, म्हणजे नालंदेचे लोक भारावतील. तथागतांनी त्याला साफ नकार दिला. प्लिम्प्टन यांना अर्थात बुद्धाची टर उडवायची नव्हती. तिबेटचे नाव आणि चार अद्भुत शब्द पुढे केले की शहाणासुरता माणूस काहीही गिळतो, हे त्यांनी दाखवून दिले.

चित्रपटांत त्यांनी कामे केली ती बहुतेक लहान. १९७० च्या ‘रिओ लोबो’मध्ये त्यांना एकच वाक्य होते. ते कित्येक दिवस पाठ केले आणि चित्रीकरणाच्या वेळी दिग्दर्शकाने वाक्यच बदलले! त्या चित्रपटात जॉन वेनच्या बंदुकीने ते मरतात. १९८१ च्या ‘रेड्स’मध्ये ते संपादक झाले, १९९५ च्या ‘निक्सन’मध्ये वकील. त्या उंच बांध्याला आणि खानदानी उच्चारांना बड्या घरच्या माणसाचीच भूमिका मिळायची. १९९७ चा ‘गुड विल हंटिंग’ आपल्या तरुणांनी जरूर पाहावा. त्यात विद्यापीठात झाडलोट करणारा एक गरीब मुलगा फळ्यावरचे अवघड गणित सोडवतो. त्याला सुधारण्यासाठी मोठमोठे मानसोपचारतज्ज्ञ बोलावले जातात. त्यातले एक प्लिम्प्टन. झाडूवाला पोरगा त्यांची अशी फिरकी घेतो की हे तज्ज्ञ चिडून निघून जातात. दोन-चार मिनिटांचे काम आहे, पण स्वतःच्याच वर्गाची फजिती त्यांनी मन लावून केली आहे.

२५ सप्टेंबर २००३ रोजी, वयाच्या ७६ व्या वर्षी, न्यूयॉर्कच्या त्याच घरात झोपेत त्यांचे निधन झाले. ‘द पॅरिस रिव्ह्यू’चे ते पन्नासावे वर्ष होते. त्रैमासिक अजूनही निघते. लेखक किती वाजता कामाला बसतात, हे त्यात अजूनही विचारले जाते.